किनाऱ्याला लागल्यावर



ट्रॉयचे युद्ध संपले आणि ग्रीक राजे आपापली गलबते घेऊन घरी निघाले. डायोमीडीस चौथ्या दिवशी आर्गॉसला पोचला. म्हातारा नेस्टर पायलॉसला सुखरूप उतरला. इथाकाचा राजा ओडिसियस याला मात्र घर गाठायला १० वर्षे लागली. त्याआधीची १० वर्षे युद्धात गेलेलीच होती. पाळण्यात टाकून गेलेला मुलगा टेलेमाकस विशीत आला, तरी बापाचा पत्ता नव्हता. या परतीच्या प्रवासाचे काव्य म्हणजे होमरच्या नावावर असलेली 'ओडिसी'. २४ सर्ग, १२ हजारांवर ओळी.

या काव्याविषयी रेडिओवर बोलायला मिळते याचा मला मनापासून आनंद आहे. हे काव्य मुळात कानांसाठीच जन्माला आले. १९३३ ते १९३५ या काळात मिलमन पॅरी नावाचा अमेरिकन अभ्यासक युगोस्लाव्हियात गावोगाव हिंडला आणि तिथल्या लोकगायकांची गाणी त्याने तबकड्यांवर मुद्रित केली. त्यांतला अवदो मेजेदोविच हा गायक निरक्षर होता. त्याने १९३५ मध्ये १२ हजारांवर ओळींचे एक काव्य तोंडी सांगितले, जवळजवळ 'ओडिसी'एवढे. ठरावीक विशेषणे, ठरावीक शब्दबंध जिभेवर असलेला गायक ऐकणाऱ्यांसमोर बसून एवढे मोठे काव्य रचू शकतो, हे पॅरीने जगाला दाखवले. होमरच्या काव्यामागेही अशीच परंपरा होती, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात.

आता तुम्हाला 'ओडिसी'तले काय आठवते ते पाहा. एकडोळ्या राक्षस आठवेल. माणसांची डुकरे करणारी सर्सी, गाण्याने खलाशांना ओढून नेणाऱ्या सायरेन, सहा तोंडांची सिला आठवेल. पण ही सगळी समुद्रातली संकटे मिळून अवघे चार सर्ग व्यापतात, नववा ते बारावा. आणि तेही कवी स्वतः सांगत नाही. परक्या राजाच्या पंगतीत बसून ओडिसियस स्वतःच्या तोंडाने ते सांगतो. तेराव्या सर्गात तो इथाकाच्या किनाऱ्यावर उतरतो. पुढचे अर्धे काव्य बहुतांशी इथाकाच्या मातीवरच घडते. माझ्या मते खरा परतीचा प्रवास तिथून सुरू होतो. बेटावर पाय ठेवल्याने कोणी घरी पोचत नाही. घरच्यांनी ओळखावे लागते. आणि या माणसाने आपली ओळख वाटेत हरवली होती.

ती कशी हरवली ते सांगतो. ट्रॉयहून निघताना त्याच्याकडे १२ गलबते होती. मलेआच्या भूशिराला वळसा घातला की घर जवळ आले असते, पण तिथेच उत्तरेच्या वाऱ्याने त्यांना बाहेर फेकले. नऊ दिवस भरकटून ते अशा लोकांच्या देशात पोचले, जिथले फळ खाल्ले की घराची आठवणच पुसली जाते. तिथून निघाले ते पॉलिफीमसच्या गुहेत अडकले. या एकडोळ्या राक्षसाने सहा सोबती खाल्ले. त्याला ओडिसियसने आपले नाव 'कोणीच नाही' असे सांगितले, आणि तो दारूने झिंगल्यावर तापवलेला ऑलिव्हचा खुंट त्याच्या डोळ्यात खुपसला. राक्षस ओरडला, शेजारी धावून आले, कोण मारतोय म्हणून विचारू लागले, तर उत्तर आले 'कोणीच नाही'. शेजारी परत गेले. इथवर सारे ठीक होते. पण गलबत किनाऱ्यापासून दूर गेल्यावर ओडिसियसला राहवले नाही. सोबती विनवत होते, तरी त्याने उभे राहून आपले नाव, बापाचे नाव, गावाचे नाव ओरडून सांगितले. आंधळा झालेला पॉलिफीमस समुद्राचा देव पोसायडन याचा मुलगा. त्याने बापाची प्रार्थना केली ती नाव घेऊन. ज्या नावासाठी ओडिसियस ओरडला, त्याच नावाने त्याला शाप मिळाला.

पुढे वाऱ्यांचा अधिपती इओलस याने वारे पोत्यात बांधून दिले. नऊ दिवस ओडिसियसने सुकाणू दुसऱ्याच्या हाती दिले नाही. दहाव्या दिवशी इथाका दिसू लागले, किनाऱ्यावर पेटवलेल्या शेकोट्या दिसल्या, आणि त्याला झोप लागली. पोत्यात सोने असेल म्हणून खलाशांनी दोरी सोडली. सुटलेल्या वाऱ्यांनी गलबते परत मागे ढकलली. मग लेस्ट्रिगोनियन नावाच्या महाकाय लोकांनी १२ पैकी ११ गलबते खडकांखाली फोडली आणि माणसे मासळीसारखी भाल्यावर टोचून नेली. काव्याच्या आरंभी म्हटले आहे की सोबती आपल्याच मूर्खपणाने मेले, त्यांनी सूर्याच्या गाई मारून खाल्ल्या. ते शेवटच्या एका गलबताबद्दल खरे आहे. त्या ११ गलबतांवरच्या माणसांनी कोणाची गाय खाल्ली होती? हा प्रश्न काव्यातही विचारला जातो. चोविसाव्या सर्गात इथाकातला एक शोकाकुल बाप सभेत उभा राहून म्हणतो की या माणसाने आमची गलबते नेली, आमची मुले नेली, सगळी बुडवली, आणि आता परत येऊन उरलेल्यांनाही मारले. या बापाची तक्रार खोटी नाही. होमरची थोरवी मला इथे दिसते, की आपल्या नायकाविरुद्धचे इतके कठोर म्हणणे तो श्रोत्यांपासून लपवत नाही.

याच प्रवासात मृतांच्या लोकात ओडिसियसला आई भेटते. निघाला तेव्हा ती जिवंत होती. आजाराने नव्हे, तुझी वाट पाहून मी गेले, असे ती सांगते. तीन वेळा तो तिला मिठी मारायला जातो आणि तिन्ही वेळा ती सावलीसारखी हातांतून निसटते. हा प्रसंग ज्याने ऐकला आहे, त्याला पुढची कॅलिप्सोची गोष्ट वेगळी ऐकू येते. सगळी गलबते, सगळे सोबती गमावून तो एकटा तिच्या बेटाला लागला आणि सात वर्षे तिथे राहिला. दहातली सात वर्षे! तिने त्याला अमरत्व देऊ केले, म्हातारपण येणार नाही असे वचन दिले. मृतांचा लोक तो डोळ्यांनी पाहून आला होता, मेल्यावर काय उरते हे त्याला ठाऊक होते. तरी त्याने नाही म्हटले. माझी बायको पेनेलपी तुझ्याइतकी सुंदर नाही, ती मर्त्य आहे, हे त्याने कॅलिप्सोला स्पष्ट सांगितले, आणि तरी मला घरी जायचे आहे, असेही. माझ्या दृष्टीने हा त्या सगळ्या प्रवासातला सर्वांत धीराचा क्षण. राक्षसाशी लढताना दुसरा मार्गच नव्हता. इथे होता.

मग त्याने चार दिवसांत तराफा बांधला. कृत्तिकांवर नजर ठेवून आणि सप्तर्षी डाव्या हाताला ठेवून १७ दिवस न झोपता तो चालवला. पोसायडनने तोही फोडला. उघडा, खारवलेला, हातांची कातडी खडकावर सोललेली, असा तो फायेशियन लोकांच्या किनाऱ्याला लागला. तिथल्या राजाच्या दरबारात डेमोडोकस नावाचा आंधळा गायक ट्रॉयच्या लाकडी घोड्याचे गाणे गातो. घोड्याची युक्ती ओडिसियसची, विजय त्याचा, कीर्ती त्याची. आणि ऐकता ऐकता तो रडू लागतो. होमर त्याच्या रडण्याला कशाची उपमा देतो? शहर वाचवताना पडलेल्या नवऱ्याच्या अंगावर कोसळून आक्रोश करणाऱ्या बाईची, जिला शत्रूचे शिपाई भाल्याने ढोसत गुलामगिरीत नेत आहेत. अशा कितीतरी बायका ओडिसियसच्याच युक्तीमुळे ट्रॉयमध्ये रडल्या होत्या. जेत्याच्या डोळ्यांत जितांचे अश्रू ठेवणारा दुसरा युद्धकवी मला सहज आठवत नाही. हे रडणे पाहूनच राजा विचारतो, तू कोण? आणि मग तोवर दडवलेले नाव तो उच्चारतो.

फायेशियनांनी त्याला आपल्या गलबतातून इथाकाला पोचवले, तेव्हा तो गाढ झोपेत होता. झोपेतच त्यांनी त्याला वाळूवर उतरवले. जाग आली तेव्हा अथीना देवीने धुके पसरले होते. ज्या भूमीसाठी २० वर्षे जीव टाकला ती त्याला ओळखू येईना. हा कोणाचा देश, म्हणून तो मांड्यांवर हात मारून रडतो, फायेशियनांनी फसवले असे समजून भेटवस्तू मोजत बसतो.

नंतर भिकाऱ्याच्या वेषात तो घराकडे निघतो. घरात १०८ माणसे ठाण मांडून बसलेली, त्याचे गुरेधन खात, पेनेलपीला लग्नाची गळ घालत. दाराशी उकिरड्यावर पडलेला आर्गस कुत्रा त्याला पहिल्या नजरेत ओळखतो. त्याला उठवत नाही, शेपटी हलवतो, कान पाडतो आणि मरतो. ओडिसियसला त्याच्याजवळ जाताही येत नाही, बरोबर चालणाऱ्या माणसाच्या नकळत डोळे पुसावे लागतात. पाय धुताना म्हाताऱ्या दाई युरिक्लियाच्या बोटांना मांडीवरचा वण लागतो, तरुणपणी रानडुकराने केलेला. तिच्या हातून पाय सुटतो, घंगाळ कलंडते, आणि ओडिसियस तिचा गळा धरून तिला गप्प करतो.

धनुष्याची पैज, १२ कुऱ्हाडींमधून गेलेला बाण, मग त्या १०८ जणांचा संहार, हे आपल्याला स्वयंवरांच्या कथांमुळे ओळखीचे वाटते. मी तिथे थांबत नाही. पण संहारानंतर १२ दासींना टेलेमाकस फासावर चढवतो, हे वगळून पुढे जाणे मला मान्य नाही. त्या दासी होत्या, घरात ठाण मांडलेल्या त्या माणसांना नाही म्हणण्याची मुभा त्यांना कितपत होती? होमर फक्त त्यांचे पाय थोडा वेळ तडफडले एवढे सांगतो.

पेनेलपी मात्र अजून मानत नाही. आपल्याकडे दमयंतीने बाहुकाच्या हातचे मांस चाखून नळाला ओळखले. पेनेलपीही परीक्षा घेते. पलंग बाहेर काढून यांचे अंथरूण घाल, असे ती दासीला सहज सांगते. ओडिसियस खवळतो. तो पलंग हलूच शकत नाही, कारण त्याचा एक खूर जमिनीत मुळे असलेल्या ऑलिव्हच्या झाडाचा आहे आणि तो त्याने स्वतः घडवला आहे. हे नवरा-बायकोखेरीज एका दासीलाच ठाऊक होते. चतुर म्हणून गाजलेल्या माणसाला त्याच्या बायकोने चतुराईत हरवले, तेव्हा तो घरी आला.

शेवटी राहिला बाप. म्हातारा लेअर्टीझ ठिगळांचे कपडे घालून मळ्यात झाडांची आळी खणत असतो. मी तुझा मुलगा, म्हटल्यावर तो खूण मागतो. ओडिसियस वण दाखवतो, आणि मग झाडे मोजतो. लहान असताना तो बापाच्या मागे मागे मळ्यात हिंडत झाडांची नावे विचारी, आणि बापाने त्याला दिली होती १३ पेअरची झाडे, १० सफरचंदाची, ४० अंजिराची, शिवाय द्राक्षवेलींच्या ५० ओळी. ही यादी ऐकून म्हाताऱ्याचे गुडघे लटपटतात.

तेव्हा श्रोतेहो, 'ओडिसी' तुमच्या हाती येईल, कोणत्याही भाषेतली, तेव्हा राक्षस आणि वादळे संपली म्हणून बाराव्या सर्गाशी पुस्तक मिटू नका. पुढचे १२ सर्ग सावकाश वाचा, आणि जमल्यास मोठ्याने, घरातल्या कोणाला तरी ऐकू जाईल असे वाचा.