संगणकाच्या गाभ्यातील नोंदवही

(पंचायत कर्मचारी, शिक्षक व ग्रामस्थ यांच्यासमोर प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



एक-चौदाच्या उताऱ्यासाठी मामलेदार कचेरीची पायरी आपण चढलेलो आहोत. पूर्वी असे दस्त बासनात बांधलेले असत. त्यांत कोणी खाडाखोड केली, तर शाईच साक्ष देई. आता दस्त संगणकात आले आणि तेथे खाडाखोडीचा डाग उरत नाही. मग फेरफार कोणी केला, हे कळावे कसे?

संगणकाच्या कार्यप्रणालीत ‘कर्नल’ नावाचा गाभा असतो. कोणत्याही प्रोग्रॅमला फाईल उघडावयाची वा पुसावयाची झाल्यास तिला परस्पर हात लावता येत नाही. गाभ्याकडे रीतसर मागणी करावी लागते. या मागणीस ‘सिस्टिम कॉल’ म्हणतात. पहारा बसवावयाचा तो याच खिडकीवर. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या १९८५ च्या ‘ऑरेंज बुक’मध्येही ‘सी-२’ श्रेणीपासून पुढे सुरक्षाविषयक घटनांची नोंद आवश्यक ठरविली होती.

परंतु ‘लिनक्स’ या कार्यप्रणालीत अशा मागण्या तीनशेहून अधिक आहेत. सरसकट साऱ्या नोंदविल्या, तर नोंदवही भरून वाहील आणि कामाची ओळ तीत हरवेल. म्हणून त्यांचे गट पाडले आहेत : वाचन, लेखन, कार्यान्वयन आणि गुणधर्म-बदल. ‘या फाईलवरील लेखन नोंदवा’ एवढा नियम लिहिला की पुरे. फाईल काढून टाकणे, तिचे नाव बदलणे या मागण्याही त्याच गटात येतात. गंमत अशी, की प्रत्यक्ष ‘रीड’ व ‘राइट’ या मागण्या मात्र गटांतून वगळल्या आहेत. ग्रंथपाल पुस्तक देताना नोंद करतो, उलटलेले प्रत्येक पान मोजत नाही. तद्वत् फाईल कोणत्या हेतूने उघडावयास मागितली, एवढेच येथे पाहतात.

मात्र ही सोय सावधगिरी मागते. मार्च २०२० मध्ये कर्नलच्या ५.६ या आवृत्तीत फाईल उघडण्याची ‘ओपन-ॲट-२’ ही नवी मागणी आली. तिला नोंदीच्या गटात स्थान मिळाले ते ५.१६ या आवृत्तीत, जानेवारी २०२२ मध्ये. मधल्या काळात या नव्या दाराने उघडलेली फाईल केवळ गटावर विसंबलेल्या नियमाच्या नजरेतून निसटू शकत होती. पहारेकरी जागा होता. दाराचे नाव त्याच्या यादीत नव्हते, इतकेच.

म्हणून ज्या कचेऱ्यांचे संगणक लिनक्सवर चालतात, तेथील अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे. कर्नलची आवृत्ती बदलली, की नोंदीचे नियम पुन्हा तपासा. एक चाचणी-फाईल निरनिराळ्या मार्गांनी उघडून नोंद उमटते का, ते स्वतः पाहा. आणि नोंदवही नियमितपणे वाचा. न वाचलेली नोंदवही ही केवळ अडगळ होय.

ही व्यवस्था कर्मचाऱ्यांवरील अविश्वासातून आलेली नाही. लॉगिन करतानाची मूळ ओळख, पुढे त्या व्यक्तीने अधिक अधिकार धारण केले तरी, नोंदीसोबत राहते. उद्या एखाद्या दस्तात घोळ आढळला, तर शेतकऱ्याला आपली जमीन आणि प्रामाणिक कारकुनाला आपली अब्रू राखण्यास हीच नोंद उपयोगी पडेल. ती अपुरी असेल, तर दोघेही निराधार होतील.

जय हिंद.