मृतांची पावलं



पुण्याहून नगरच्या रस्त्याने निघालं की शिरूरला घोड नदी लागते. याच नदीच्या काठी इनामगाव आहे. 1968 ते 1983 या काळात डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी तिथे उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही त्यातली मोठी नावं. इ.स.पू. 1600 ते 700 या काळात नांदलेलं शेतकऱ्यांचं गाव त्यांना मातीखाली सापडलं. घरं सापडली, चुली सापडल्या आणि माणसंही. दोनशेहून अधिक दफनं मिळाली, त्यांतली बहुतेक लहान मुलांची.

मूल गेलं की त्याला दोन मडक्यांत ठेवत. मडकी आडवी, तोंडाला तोंड लावलेली. खड्डा घराच्याच जमिनीत किंवा अंगणात. माती लोटली की त्याच जमिनीवर घरचे पुन्हा जेवत, झोपत. त्या जोडमडक्यांत अभ्यासकांना आईचं पोट दिसतं आणि मला ते पटतं. नेवाशाच्या उत्खननात तर अशाच एका मुलासोबत तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली आहे.

मोठ्या माणसालाही घरातच पुरत, डोकं उत्तरेला करून. पण त्याची पावलं घोट्याखाली तोडलेली असत.

का? लिहून ठेवणारं तेव्हा कुणी नव्हतं. मेलेला उठून चालू लागेल, या भीतीने ती तोडली असावीत, असा तर्क केला जातो. एक दफन मात्र निराळं आहे. चार पायांच्या मातीच्या रांजणात एक पुरुष बसवलेला आहे आणि त्याची पावलं शाबूत आहेत. तो गावाचा प्रमुख असावा, असं ढवळीकरांचं मत. मला इथे थांबावंसं वाटतं. नुसती भीती असती, तर प्रेत शिवेबाहेर गेलं असतं. या लोकांना आपलं माणूस घरातच हवं होतं, फक्त त्याने रात्री चालायला नको होतं. माया आणि धास्ती एकाच खड्ड्यात पुरलेली आहेत.

हीच जोडी ऋग्वेदातही आहे. त्याच्या दहाव्या मंडलातलं अठरावं सूक्त वाचा. त्यात मृत्यूचं पाऊल पुसत जाण्याची भाषा आहे, जिवंतांना मृत्यूपासून वेगळं ठेवणारी मर्यादा घातलेली आहे. आणि त्याच सूक्तात पृथ्वीला विनवलं आहे, की आई लेकराला पदराखाली घेते तसं या मृताला घे. पुन्हा तेच दोन्ही, शेजारी शेजारी.

आपल्याकडे माणूस गेला त्या जागी पणती लावतात, पीठ पसरतात आणि सकाळी त्यावर कुणाची पावलं उमटली ते पाहतात. दक्षिणेकडे पाय करून झोपलेल्या नातवाला आजी उठवते. लहान मूल गेलं तर त्याला आजही अनेक घरांत जाळत नाहीत, पुरतात. इनामगावपासून हा धागा सलग आला, असा दावा मी करणार नाही. पण ते पीठ पसरणाऱ्या हातांना मी अडाणी म्हणणार नाही. गेलेला माणूस एकदा तरी येऊन गेला असावा, ही आशा त्यात आहे.

माझा राग आहे तो दुसऱ्या गोष्टीवर. मेलेल्याची पावलं तोडली तर त्याला दुखत नाही. आपण मात्र मृत्यूची धास्ती जिवंत बाईवर काढली. नवरा गेला की तिचं कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या, पायांतली जोडवी उतरवली. पूर्वी केसही काढत. मग तिचं तोंड सकाळी दिसू नये, मंगल कार्यात तिची सावली पडू नये! मरणाची भीती बाळगणं माणसाचं आहे. पण ती भीती घरातल्या सर्वांत दुःखी माणसाच्या अंगावर टाकणं हा अपराध आहे, आणि त्याला रूढी म्हटल्याने तो कमी होत नाही.

मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामस्थांनी ही विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनाही तो कित्ता गिरवायला सांगितलं. तुमच्यापैकी अनेकांचं अजून गावाकडे घर आहे, ग्रामसभेत मत आहे. तिथे असा ठराव झाला आहे का, विचारा. नसेल तर तुम्ही मांडा. आणि झाला असेल, तर पुढच्या वेळी तिरडी उठताना त्या बाईच्या शेजारी उभे राहा.