कोरियन भाषेची पहिली पायरी : लिपीसह की लिपीवाचून?



परकी भाषा शिकू इच्छिणाऱ्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो लिपीचा. कोरियन भाषेच्या बाबतीत हा प्रश्न आज पुष्कळ घरांत विचारला जात आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक स्तरावर शिकविता येतील अशा परदेशी भाषांमध्ये कोरियनचा उल्लेख आहे. रांजणगावला एलजीचा आणि माणगावजवळ विळे-भागाड येथे पोस्कोचा कारखाना आहे. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना घेण्याचा करार ह्युंदाईने २०२३ मध्ये केला. कारखान्याबरोबर तेथील अभियंते येतात आणि अभियंत्यांबरोबर भाषा येते. शिवाय कोरियन मालिकांनी हायस्कूलच्या मुलामुलींना जे दहापाच शब्द शिकविले आहेत, ते कोणत्याही धोरणाची वाट पाहत थांबले नव्हते.

विचारणाऱ्याचे म्हणणे साधारणतः असे असते : बोलण्यापुरतीच भाषा हवी आहे, तेव्हा चार वाक्ये देवनागरीत लिहून पाठ केली तर काय बिघडले? प्रश्न रास्त आहे. गोमंतकाला तर तो अपरिचितही नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली राचोल येथे छापले गेले ते रोमी अक्षरांत. शब्द मराठी, अक्षरे परकी. तथापि एक भेद येथे लक्षात घेतला पाहिजे. ते पुराण ज्यांच्यासाठी होते त्यांच्या कानांवर ती भाषा जन्मापासून पडलेली होती. 'त' कोठे आणि 'ट' कोठे हे त्यांना अक्षराने सांगावे लागत नव्हते. भाषा जाणणाऱ्याला परकी लिपी पुरते. न जाणणाऱ्याला तीच लिपी फसविते.

'मुल जुसेयो' म्हणजे 'पाणी द्या'. 'ओल्मायेयो' म्हणजे 'केवढ्याला?' होकाराला 'ने', नकाराला 'आनियो'. येथवर देवनागरीचे काम चोख आहे. होकाराचा 'ने' मराठी कानाला नकारासारखा वाटतो आणि कोरियन माणसाच्या तोंडून तो कित्येकदा 'दे' असा ऐकू येतो, एवढे ध्यानी ठेवले म्हणजे झाले. चार दिवसांच्या प्रवाशाने याहून अधिक कष्ट घेण्याचे कारण नाही.

अडचण यापुढे सुरू होते. कोरियन भाषेत 'ओ'सारखे दोन स्वर आहेत. एकात ओठांचा चंबू होतो. दुसऱ्यात ओठ सैल राहतात, जबडा किंचित खाली येतो आणि ध्वनी 'अ' व 'ऑ' यांच्या मध्ये कोठे तरी उमटतो. देवनागरीत दोन्ही 'ओ'च होतात. आता 'कोगी' हा शब्द घ्या. एका 'ओ'ने त्याचा अर्थ 'तिथे', दुसऱ्या 'ओ'ने 'मांस'. शाकाहारी प्रवाशाने खाणावळीत समोरच्या भाजीकडे बोट दाखवून 'तिथले' म्हणावे आणि ऐकणाऱ्याने मांसाचे ताट आणून ठेवावे, हे अशक्य नाही.

व्यंजनांची गोष्ट याहून नाजूक आहे. 'चंद्र', 'मुखवटा' आणि 'मुलगी' या तीन अर्थांचे तीन कोरियन शब्द देवनागरीत लिहू गेल्यास 'ताल', 'थाल' आणि 'त्ताल' असे काहीसे होतात. मराठीत त, थ, द, ध अशी चार अक्षरे असताना कोरियनची तीन सहज बसतील असे वाटते. ती बसत नाहीत. 'मुलगी'तील ताठर व्यंजन मराठी 'त'च्या जवळचे आहे, 'मुखवट्या'तील 'थ'च्या. 'चंद्रा'तील व्यंजन मात्र शब्दाच्या आरंभी 'त' आणि 'थ' यांच्या सीमेवर असते, आणि तेच दोन स्वरांमध्ये आले की 'द' होते. कोरियन माणसाच्या लेखी ते एकच अक्षर आहे; त्यात दोन ध्वनी आहेत हे त्याला सांगूनही पटत नाही. जुन्या नकाशांवरील 'पुसान' हे बंदर पुढे 'बुसान' झाले ते याच कारणाने. गावाचे नाव कोणी बदलले नव्हते. २००० साली दक्षिण कोरियाच्या शासनाने रोमी लेखनाची पद्धत बदलली, इतकेच.

आता संस्कृतची ओळख असणाऱ्या शिक्षकांना विशेष रस वाटावा असा भाग येतो. आभार मानताना कोरियन माणूस 'खाम्साहाम्निदा' म्हणतो. लिहिताना मात्र 'हाम्'च्या जागी 'हाप्' लिहितो. पुढे 'न' आल्यामुळे 'प'चा 'म' झाला. जगत् आणि नाथ मिळून जगन्नाथ होते, तोच हा अनुनासिक संधी. 'कुक्' म्हणजे सार आणि 'मुल' म्हणजे पाणी. दोन्ही मिळून साराचे पाणी, त्याचा उच्चार 'कुङ्मुल'. वाक् आणि मय यांचे वाङ्मय होते ते ज्या नियमाने, त्याच नियमाने. फरक असा की, आपण संधी केलेले रूप लिहितो आणि कोरियन लिपी मूळ रूप लिहून संधी वाचकावर सोपविते. ज्याने केवळ ऐकून 'कुङ्मुल' असे वहीत टिपले, त्याला त्यातला 'कुक्' कधीच दिसत नाही. पन्नास शब्दांपर्यंत हे खपते. पाचशे शब्दांवर गेल्यावर वहीतील प्रत्येक शब्द सुटा, नातेवाईक नसलेला होऊन बसतो आणि शिकणारा कंटाळून वही मिटतो. लिपी टाळल्याने वाचलेले श्रम येथे दामदुपटीने भरावे लागतात.

मग लिपी शिकावयाची तर ती किती अवघड? 'हांगुल' या कोरियन लिपीत आज मूळ अक्षरे २४ : १४ व्यंजने आणि १० स्वर. पंधराव्या शतकात सेजोंग राजाच्या कारकिर्दीत ती तयार झाली. तिच्या स्पष्टीकरणाच्या ग्रंथाला जोडलेल्या टिपणात, शहाण्या माणसाला ती एका सकाळीत आणि मंदबुद्धीलाही दहा दिवसांत येईल असा विश्वास व्यक्त केलेला आहे. सामान्य मराठी माणसास आठवडा पुरे आहे.

याचे कारण अक्षरांच्या आकारात आहे. 'क'चे अक्षर म्हणजे एक काटकोन : जिभेचे मूळ घशाकडे उचलले की बाजूने दिसणारी तिची आकृती. 'न'चे अक्षर त्याच्या उलट, जिभेचे टोक वर टेकलेले. 'म'चा चौकोन हे तोंड, 'स'च्या दोन तिरप्या रेघा हा दात, आणि वर्तुळ हा घसा. ध्वनी जोरकस झाला की रेघ वाढते : 'क'च्या काटकोनात एक आडवी रेघ घातली की 'ख' होतो. स्वर तीन खुणांवर उभारलेले आहेत : आकाशाचा ठिपका, पृथ्वीची आडवी रेघ आणि उभ्या माणसाची उभी रेघ. अक्षरे एकापुढे एक ओळीने न लिहिता त्यांचा एकेका उच्चाराचा चौकोनी गट करतात. 'ह', 'आ' आणि 'न' मिळून 'हान्' असा एक गट, त्यात 'न' खाली आधारासारखा. इंग्रजी शिकलेल्याला याचे नवल वाटते. बाराखडी आणि जोडाक्षरे गिरविलेल्या मुलाला वाटण्याचे कारण नाही.

कंठ, जीभ, ओठ, दात अशी व्यंजनांची विभागणी सेजोंगने चिनी ध्वनिशास्त्रातून घेतली, आणि त्या शास्त्रावर बौद्ध भिक्षूंबरोबर गेलेल्या भारतीय वर्णविचाराचा संस्कार झालेला होता. कोरियन वर्णमाला 'क'पासून सुरू होते हे पाहून मराठी माणसाला आपलेपणा वाटतो तो अगदीच अकारण नव्हे. यावरून ती लिपी भारतीय ठरविणे मात्र उतावळेपणाचे होईल.

ही लिपी निर्माण झाली तिची कथा शासकीय कर्मचाऱ्यांनी अवश्य ऐकावी अशी आहे. सेजोंगने १४२९ मध्ये प्रांतोप्रांतीच्या अनुभवी शेतकऱ्यांना विचारून शेतीविषयक पुस्तक तयार करविले. ते चिनी लिपीत होते. ज्यांना विचारून लिहिले त्यांना ते वाचता येत नव्हते. (शासकीय पत्रकांच्या नशिबी हे आजही अधूनमधून येते.) १४४३ च्या अखेरीस राजाने २८ अक्षरांची नवी लिपी सिद्ध केली आणि १४४६ मध्ये ती प्रजेसमोर ठेवली. दरम्यान १४४४ मध्ये छ्वे मान्री आणि त्याच्या विद्वान सहकाऱ्यांनी विरोधाचा अर्ज केला. चिनी विद्येची परंपरा सोडणे म्हणजे रानटीपणा, अशी त्यांची तक्रार होती. जबानी प्रजेच्या भाषेत लिहिली तर अडाण्यावर अन्याय होणार नाही, या मुद्द्यावर त्यांचे उत्तर असे की, न्याय तुरुंगाधिकाऱ्याच्या वृत्तीवर अवलंबून असतो, लिपीवर नव्हे. उत्तर चलाख आहे, आणि अर्धे खरेही. पण स्वतःची जबानी स्वतः वाचता येणे याचे मोल ते ओळखत नव्हते. राजाने त्यांना एका दिवसाची कैद दिली.

तरीही दरबारी कागदांत ही लिपी शिरावयास १८९४ साल उजाडावे लागले. तोवर ती स्त्रियांच्या पत्रांत आणि कथाकादंबऱ्यांत नांदली. पुढे जपानी अमलात, १९४२ मध्ये, कोरियन शब्दकोश तयार करणाऱ्या भाषा-मंडळाच्या विद्वानांना अटक झाली. त्यांपैकी दोघांचा तुरुंगात मृत्यू झाला. जप्त केलेले कोशाचे हस्तलिखित १९४५ मध्ये सोल रेल्वे स्थानकाच्या गोदामात सापडले. त्या देशातील माणसाला परदेशी पाहुण्याने हांगुलमध्ये लिहिलेले दोन शब्द पाहून जो आनंद होतो, त्यामागे हा इतिहास आहे.

येथवर लिपीची बाजू झाली. वाक्यरचनेत मात्र मराठी माणसाने मराठीचा हात मुळीच सोडू नये. इंग्रजीतून लिहिलेली पाठ्यपुस्तके कोरियन वाक्य फार अवघड असल्याचे सांगतात, कारण क्रियापद शेवटी येते आणि शब्दयोगी अव्यये नामामागून येतात. मराठीत दुसरे काय होते? 'काल आलेला माणूस' याला कोरियन 'ओजे ओन साराम' : काल, आलेला, माणूस. एक शब्दही जागचा हलत नाही. इंग्रजीत हेच सांगावयास उलटी मांडणी करावी लागते. 'बाजारात जाऊन घेतो' यातील 'जाऊन'लाही तेथे तसाच प्रत्यय आहे. शिवाय क्रियापदाला लिंग नाही, पुरुष नाही. 'जातो, जाते, जातात' या सर्वांना 'खायो' हे एकच रूप चालते. (खाण्याशी त्याचा काही संबंध नाही.) सोलला जातो, सोलला जाते : 'सोउल-ए खायो'. म्हणून शिक्षकांनी कोरियन पाठ इंग्रजीमार्गे न नेता थेट मराठीतून समजावून द्यावा. निम्मी वाट आधीच चाललेली असते.

आदरार्थी रूपांचेही असेच. वडीलधाऱ्यांशी बोलताना क्रियापद बदलते, काही वेळा शब्दच बदलतो. आप्तवाचक शब्दांनी परक्यालाही हाक मारतात. पण एक सावधगिरी हवी. थोरल्या भावाला बहीण 'ओप्पा' म्हणते, धाकटा भाऊ मात्र 'ह्योङ'. थोरल्या बहिणीला बहीण 'ओन्नी' म्हणते, भाऊ 'नूना'. मालिका पाहून 'ओप्पा' म्हणू लागलेल्या मुलग्याचे तेथे हसे होते. ख्यालीखुशाली विचारताना 'जेवलात का?' असे म्हणण्याची रीत मात्र आपल्या खेड्यासारखीच आहे, आणि तेथेही जेवण आणि भात यांना एकच शब्द आहे.

संख्यांना थोडा वेळ द्यावा लागतो, कारण त्या दोन प्रकारच्या आहेत : देशी आणि चिनी. तास देशी संख्येने, मिनिटे चिनी संख्येने. साडेतीन वाजले हे सांगताना 'तीन'साठी देशी 'से' आणि 'तीस'साठी चिनी 'सामसिप्'. येथे पाठांतराला पर्याय नाही.

शिकण्याचा क्रम म्हणून एवढे सांगता येईल. पहिल्या आठवड्यात अर्थाच्या मागे न लागता अक्षरे गिरवावीत आणि प्रत्येक अक्षराबरोबर कोरियन माणसाचा ध्वनिमुद्रित उच्चार ऐकावा. मोबाइलवर ही सोय आता गावोगावी आहे. देवनागरी टिपण पेन्सिलीने करावे आणि आठवड्याअखेर पुसून टाकावे. सरावाला परिचित नावे घ्यावीत, कारण त्यांत आपल्या कोणत्या ध्वनीला तेथे जागा नाही ते कळते. 'पुणे' लिहिताना 'ण'चा 'न' होतो आणि 'प'साठी महाप्राण अक्षर घेतात, म्हणून तेथील उच्चार 'फुने'. 'व' तर तेथे नाहीच. 'गोवा' हा शब्द दोन गटांत लिहितात, आणि तो वाचला जातो 'कोआ' असा. याच उच्चाराचा आणि याच अक्षरांचा दुसरा एक कोरियन शब्द आहे. त्याचा अर्थ 'अनाथ मूल'. म्हणून आपला पत्ता सांगणाऱ्या गोमंतकीयाने नावापुढे 'राज्य' या अर्थाचा 'जु' जोडून 'कोआ-जु' म्हणावे, म्हणजे समोरच्याच्या चेहऱ्यावर सहानुभूती उमटणार नाही.