दिंडीच्या स्वयंपाकातला पंपाचा स्टोव्ह



या सोहळ्यात वीणेकरी, चोपदार, मृदंगवादक सगळ्यांची आठवण झाली. आम्ही पडलो स्वयंपाकाच्या राहुटीतली माणसं, तेव्हा आम्ही बोलणार स्टोव्हबद्दल. मंडपाच्या कोपऱ्यात मांडलेले सात पितळी स्टोव्ह पाहिलेत ना? काही गावोगावच्या माळ्यांवरून उतरवले, काही मोडीच्या दुकानातून वजनावर घेतले.

हे यंत्र मूळचं स्वीडनचं. फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट यांनी १८९२ साली ते काढलं, नाव प्रायमस. यात वात नाही. पंप मारला की रॉकेल हवेच्या दाबानं वर चढतं, तापलेल्या बर्नरमध्ये त्याची वाफ होते, निपलच्या बारीक भोकातून ती जोरात सुटते आणि हवेत मिसळून निळी जळते. म्हणून भांड्याला काजळी धरत नाही. १९११ साली दक्षिण ध्रुव गाठणाऱ्या अमुंडसेन यांच्या सामानात प्रायमसच होता. बर्फाच्या वाटेवर चाललं, ते पावसाच्या वाटेवर चालणारच.

दिवे घाट चढून सासवडला यावं तर माणसं भिजलेली, लाकडं ओली, तीन दगडांची चूल नुसती धुपते. पंगतीचा भात चुलवणावरच व्हायचा. पण पहाटेचा चहा, आजाऱ्याची पेज, सुजलेल्या पायांना गरम पाणी, हे स्टोव्हचं काम. त्याची घरघर ऐकूनच राहुटी जागी व्हायची. पेटवायच्या बोळ्यालाही काकडाच म्हणतात, म्हणून म्हातारी माणसं थट्टा करायची, "आधी स्टोव्हचा काकडा, मग देवाचा!"

काही तरुण म्हणतात, पुढच्या वारीत हे पुन्हा पेटवू. हौस चांगली आहे. पण माऊली, स्टोव्हच्या भडक्यात गेलेल्या लेकीबाळी गावोगावी आहेत. त्यांना विसरून नुसतं पितळ मिरवू नये.

तेव्हा पेटवायचा तर असा. पंपाचं चामडी वायसर वाळलं असेल तर तेलात भिजवा. टाकी पाऊण भरा, रॉकेलच घाला, पेट्रोल कदापि नाही. पंप मारून सांध्यांना साबणाचा फेस लावा. बुडबुडा दिसला तर तो स्टोव्ह फक्त मांडायचा. बर्नर नीट तापण्याआधी पंप माराल तर कच्चं रॉकेल उसळून पिवळा भडका होतो. निपल तुंबलं तर पिन मारा. विझवताना हवेची चावी सैल करा. गरम टाकीत रॉकेल ओतू नका. तंबूच्या आत, गॅसच्या टाकीजवळ किंवा चालत्या ट्रकमध्ये पेटवू नका.

आमचं मागणं एवढंच. सातांपैकी दोनच या परीक्षेत उतरले, तेवढेच उघड्यावर पेटवावेत. दोन पोरं आणि दोन पोरी आमच्या हाताखाली शिकाव्यात. पिन मारणारे, वायसर बदलणारे कारागीर आता बाजारात दिसत नाहीत. आमचे हात आहेत तोवर हे शिकून घ्या. आणि कुणाच्या माळ्यावर स्टोव्ह असेल तर मोडीत घालण्याआधी आम्हाला दाखवा. कुणी वापरला, कुणासाठी चहा केला, तेही सांगा. आम्ही वहीत लिहून ठेवतोय.

राम कृष्ण हरी.