केशभूषेपासून लोककार्यापर्यंत : मार्जोरी जॉयनर यांचे जीवन



संत सेना महाराजांनी आपला नाभिकाचा व्यवसाय न सोडता विठ्ठलभक्ती केली, हे येथे जमलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. तरीही केस कापणाऱ्या, विंचरणाऱ्या आणि सजवणाऱ्या हातांकडे समाजाने आदराने पाहिले असे म्हणवत नाही. अशाच व्यवसायात उभी हयात घालवून त्यातूनच कला, यंत्रविद्या आणि लोकसेवा ह्या तिन्ही क्षेत्रांत ठसा उमटवणाऱ्या एका अमेरिकन कृष्णवर्णीय स्त्रीचे चरित्र आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. तिचे नाव मार्जोरी स्ट्युअर्ट जॉयनर.

व्हर्जिनिया राज्यातील माँटेरी ह्या डोंगराळ गावी २४ ऑक्टोबर १८९६ रोजी तिचा जन्म झाला. गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा तीस वर्षे झाली होती. पण घराण्याच्या आठवणीत ती ताजीच होती, कारण तिच्या आजीआजोबांच्या पिढीने ती प्रत्यक्ष भोगली होती. दक्षिणेतील लक्षावधी कृष्णवर्णीय कुटुंबे त्या काळात पोटापाण्यासाठी आणि मानाने जगण्यासाठी उत्तरेकडील शहरांची वाट धरीत होती. मार्जोरीही १९१२ साली शिकागोस आली. १९१६ मध्ये तेथील ए. बी. मोलर ह्या केशभूषा विद्यालयातून उत्तीर्ण होणारी ती पहिली कृष्णवर्णीय विद्यार्थिनी ठरली. त्याच वर्षी तिचा विवाह झाला आणि तिने स्वतःचे केशभूषेचे दुकानही थाटले.

येथे सासूबाईंचा प्रवेश होतो. विद्यालयात शिकवले जाई ते गौरवर्णीय स्त्रियांच्या सरळ, मऊ केसांची निगा राखणे. दाट, घट्ट कुरळ्या केसांना हात कसा लावावा, हे त्या अभ्यासक्रमात नव्हतेच. सुनेने सासूबाईंचे केस करून दिले आणि सगळा घोटाळा झाला. सासूबाईंनी सुनेला तिची उणीव स्पष्ट शब्दांत सांगितली, आणि मॅडम सी. जे. वॉकर यांच्या वर्गाची फीही स्वतःच भरली. सासूने दोष काढावा हे आपल्याकडे काही नवे नाही. पण दोष काढून लगेच शिक्षणाचा खर्च उचलणारी सासू कोठेही विरळाच.

मॅडम वॉकर म्हणजे मूळच्या सारा ब्रीडलव्ह. १८६७ साली लुइझियानातील कापसाच्या मळ्यावर जन्मलेल्या ह्या बाईंनी कित्येक वर्षे लोकांचे कपडे धुतले आणि पुढे केसांच्या औषधी मलमांचा प्रचंड उद्योग उभारला. त्यांच्या मालाची विक्री करणाऱ्या हजारो कृष्णवर्णीय स्त्रिया स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या. १९१९ मध्ये मॅडम निवर्तल्या. त्यांच्या कंपनीची दोनशेहून अधिक केशभूषा विद्यालये पुढे मार्जोरीबाईंच्या देखरेखीखाली आली.

आता यंत्राची कथा. केसांना लाटा आणावयाच्या तर तापवलेल्या लोखंडी चिमट्यात एकेक बट धरावी लागे. चिमटा निवला की पुन्हा तापवावयाचा. एका डोक्यास कित्येक तास लागत, आणि एवढे करून एकदा डोके धुतले की केस पूर्ववत. एके दिवशी घरी मांसाचा मोठा तुकडा शिजवताना मार्जोरीबाईंचे लक्ष त्यात खुपसलेल्या बारीक सळयांकडे गेले. त्या सळयांमुळे उष्णता आतपर्यंत पोचून तुकडा सर्व बाजूंनी सारखा शिजत असे. सगळ्या बटा एकाच वेळी अशा सळयांभोवती गुंडाळल्या तर? केस वाळवण्याच्या जुन्या टोपाला त्यांनी विजेच्या तारांनी सोळा सळया जोडल्या आणि प्रयोग आरंभले. विजेवर केस कुरळे करणारे यंत्र जर्मन केशभूषाकार कार्ल नेस्लर यांनी लंडनमध्ये पूर्वीच केले होते, हे खरे; पण कुरळे केस सरळ करण्यासही उपयोगी पडेल अशी ही जुळणी मार्जोरीबाईंची स्वतःची होती. २७ नोव्हेंबर १९२८ रोजी तिला १६९३५१५ ह्या क्रमांकाचे पेटंट मिळाले. टाळूस चटके बसतात अशी तक्रार येताच त्यांनी टाळूच्या रक्षणाचे साधनही तयार केले. १९२९ मध्ये त्याचेही पेटंट निघाले.

पेटंट मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री असा मार्जोरीबाईंचा उल्लेख वारंवार छापला जातो. तो बरोबर नाही. शिकागोच्याच सारा गुड यांना घडीच्या पलंगासाठी १८८५ सालीच पेटंट मिळाले होते. मोठेपण सांगताना इतरांचे श्रेय पुसले जाऊ नये, एवढी काळजी चरित्रकाराने घ्यावयास हवी.

आणि ह्या शोधाचे द्रव्य? पेटंटाचे हक्क वॉकर कंपनीकडे गेले. मार्जोरीबाई त्या कंपनीच्या नोकरीत होत्या. त्यांच्या हाती जवळजवळ काहीच आले नाही. कायद्याच्या दृष्टीने त्यात वावगे नसेल. न्यायाच्या दृष्टीने मात्र तो हिशेब अपुराच राहिला.

त्यांचे खरे सामर्थ्य दुकानाच्या चार भिंतींत होते. कृष्णवर्णीय शिक्षिकेस किंवा मोलकरणीस गोऱ्या मालकाच्या मर्जीवर जगावे लागे. केशभूषाकार स्त्रीचे दुकान स्वतःचे आणि गिऱ्हाईकही स्वतःच्या समाजाचे. साहजिकच तिच्या तोंडाला कुलूप घालणारा कोणी नव्हता. ह्या दुकानांत मतदानाची, शाळांची, नोकऱ्यांची चर्चा चाले, वर्गण्या गोळा होत. मेरी मॅक्लाउड बेथ्यून यांनी १९३५ मध्ये कृष्णवर्णीय स्त्रियांची राष्ट्रीय परिषद स्थापन केली, तेव्हा मार्जोरीबाई संस्थापकांत होत्या. महात्मा फुले यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सज्जनांस अर्पण केला होता. मुक्तीनंतरचे काम किती लांबणीचे होते, हे अशा चरित्रांवरून कळते.

पुढील शिक्षणाची उत्तम विद्यालये अमेरिकेत कृष्णवर्णीयांस बंद होती. त्यावर मार्जोरीबाईंनी विनवण्या केल्या नाहीत. १९५४ साली १९५ केशभूषाकारांचा मेळा घेऊन त्या थेट पॅरिसला गेल्या, आणि तेथील कलावंतांच्या हाताखाली त्यांनी सर्वांना शिकवून आणले. तत्पूर्वी १९४५ मध्ये सौंदर्यविद्यालयांचे मालक व शिक्षक यांची संघटना त्यांनी उभी केली होती. शिकागोत ‘डिफेंडर’ ह्या वृत्तपत्राचा धर्मादाय निधी त्यांनी अनेक वर्षे सांभाळला. दर ऑगस्टमध्ये निघणारी बड बिलिकेन मिरवणूक त्याच कामाचा भाग. १९२९ साली मुलांसाठी सुरू झालेल्या ह्या मिरवणुकीत वाद्यवृंद आणि नर्तकांची पथके शहराच्या दक्षिण भागातून जातात, रस्त्याच्या दोन्ही बाजूंस माणसांची दाटी होते. पालखीची वाट पाहत ताटकळणाऱ्या आपल्या मंडळींस त्या गर्दीचा उत्साह वेगळा समजावून सांगावयास नको.

१९८७ मध्ये वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाने कृष्णवर्णीयांच्या स्थलांतरावर प्रदर्शन भरवले. त्यात ते तारांचे यंत्र आणि त्यांच्या दुकानाची प्रतिकृती मांडली होती. त्यानंतर सात वर्षांनी, २७ डिसेंबर १९९४ रोजी, शिकागो येथे वयाच्या ९८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. फ्लोरिडातील बेथ्यून-कुकमन महाविद्यालयासाठी मार्जोरीबाईंनी कित्येक वर्षे निधी जमवला होता. स्वतःची पदवी मात्र राहून गेली होती. नातवंडांच्या वयाच्या विद्यार्थ्यांबरोबर त्यांनी ती त्याच महाविद्यालयातून घेतली, १९७३ साली, वयाच्या ७७ व्या वर्षी.