मशीन घ्यायच्या आधी दाणे मांडून बघा
(प्रभागसंघाच्या सभेत केलेले भाषण)



उन्हाळ्यात आपण मिळून उडदाचे पापड करतो. एक जण लाट्या करते, चौघी लाटतात, पोरी खाटेवर वाळत घालतात. लाटणाऱ्या दोघीच असल्या तर लाट्या ताटात साचतात आणि सुकतात. हे आपल्याला कुणी शिकवावं लागलं नाही. पण मशीन घेताना आपण नेमकं हेच विसरतो.

आमचा गट विसरला. आम्ही केळीचे वेफर्स करतो. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेलं, माल दारात, मागणीही वाढलेली. म्हणून कर्ज काढून चकत्यांचं मशीन आणलं. चकत्यांचा ढीग पडायला लागला, पण कढई एकच! वाट बघून चकत्या काळ्या पडल्या. घाईत कढईत जास्त टाकल्या तर तेल थंड होऊन वेफर्स तेलकट झाले. मग गरमच पाकिटात भरले, आत वाफ धरली, मऊ पडले. दुकानदारानं माल परत केला. बँकेचा हप्ता मात्र थांबला नाही.

जे आधी करायचं ते आम्ही नंतर केलं. तुम्ही आधी करा.

एक दिवस मोबाईलवर वेळ लावून प्रत्येक काम मोजा. दहा मिनिटांत १०० ग्रॅमच्या किती पाकिटांचं काम होतं, ते लिहा. समजा असं निघालं: सोलणं १०, हातानं चकत्या ८, तळणं ६, वजन करून भरणं ९, सील २०.

आता ओट्यावर खडूनं प्रत्येक कामाचं रिंगण काढा आणि तिथं एकेक बहीण बसवा. मक्याचा एक दाणा म्हणजे एक पाकीट. एक टाळी म्हणजे दहा मिनिटं. टाळी वाजली की प्रत्येकीनं आपल्या आकड्याइतकेच दाणे पुढं सरकवायचे. तळल्यावर गार करायचं रिंगण ठेवा. तिथं दाणा तीन टाळ्या थांबलाच पाहिजे. तेवढे ट्रे नसतील तर तळणारीनं थांबायचं.

ओळ नीट चालू झाली की तासाला ३६ पाकिटं निघतात, कारण तळणं ६ वर अडलंय. चकत्यांचं मशीन बसवून ८ चे ४० करा. तरी ३६ च! दाणे फक्त कढईपुढं साचतात. आता मशीन काढा, दुसरी कढई आणि तळायला आणखी एक बहीण द्या. तासाला ४८ होतात. दोन कढया असताना मशीन आणलं तर ५४, कारण मग भरणं अडतं. म्हणजे आमचं पहिलं कर्ज कढईसाठी हवं होतं.

मग खेळात वीज घालवा, सील करणारीला तीन टाळ्या बसवून ठेवा. एकीला लग्नाला पाठवा. काय साचतं ते बघा.

हा खेळ पोरकट नाही. इस्रायलच्या एलियाहू गोल्डरॅट यांनी १९८४ च्या 'द गोल' या पुस्तकात हीच गोष्ट आगकाड्या आणि फासे घेऊन समजावली. मोठे कारखाने हेच कॉम्प्युटरवर करतात, त्याला सिम्युलेशन म्हणतात. आपल्याला ओटा पुरतो.

२०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत ३५ टक्के अनुदान ठेवलं होतं, एकेका उद्योगाला जास्तीत जास्त १० लाख. ऐकून मन मोठं होतं. पण उरलेले ६५ टक्के आपल्याच बचतीतून आणि घामातून जातात, हे विसरू नका.

म्हणून धुळ्याच्या असा की जळगावच्या, मिरची कांडत असा की वेफर्स तळत असा, कर्जाच्या ठरावावर सही करण्याआधी एक मूठ दाणे मांडा. जिथं ढीग साचेल, त्याच्या पुढच्या कामाला पैसा लावा.