आत्म्याला किती गुण?

रशियनमध्ये ‘स्तोल’ म्हणजे टेबल. ते डोळ्यांना दिसतं, हाताला लागतं, अंधारात गुडघ्यालाही लागतं. ‘स्वोबोदा’ म्हणजे स्वातंत्र्य. ते बोट करून दाखवायचं कुठे? अगदी मूर्त शब्दाला १, अगदी अमूर्ताला ५, असे गुण द्या म्हटलं तर या दोन शब्दांवरून तुमचं-माझं भांडण व्हायचं कारण नाही.

हा पोरखेळ नव्हे. १९६८ साली कॅनडात अ‍ॅलन पायव्हिओ आणि सहकाऱ्यांनी ९२५ इंग्रजी नामांना लोकांकडून गुण घेतले. २०१४मध्ये इंग्रजीचीच यादी चाळीस हजारांच्या घरात गेली. रशियनचं काम व्होल्गाकाठच्या कझान विद्यापीठात वलेरी सोलोव्योव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाती घेतलं. मूर्त शब्द सहसा लवकर ओळखू येतात, जास्त लक्षात राहतात. पाठ्यपुस्तकातला एखादा धडा मुलांना जड का जातो, याचाही थोडा उलगडा त्यातून होतो.

माणसांना कशाला त्रास, शब्दाचं शेपूट पाहा की, असं कुणी म्हणेल. ‘ख्राब्री’ म्हणजे शूर, ‘ख्राब्रोस्त’ म्हणजे शौर्य. हा ‘ओस्त’ आपल्या ‘पणा’चा भाऊच. पण ‘कोस्त’ म्हणजे हाड आणि ‘गोस्त’ म्हणजे पाहुणा! शेपूट तेच दिसतं, पण तिथे तो प्रत्यय नाही, मुळात शब्दच तसा. ‘झीद्कोस्त’मध्ये तर प्रत्यय खराखुरा, तरी अर्थ द्रवपदार्थ, पेल्यात ओतावा असा. शेवटी माणसालाच विचारावं लागतं.

आणि माणसाला विचारलं की खरी गंमत मधल्या गुणांत येते. ‘यझिक’ म्हणजे जीभ, आणि भाषाही. यादीत शब्द सुटा येतो, मागेपुढे वाक्य नाही. समजा, दहापैकी पाच जणांनी डॉक्टरांना दाखवायची जीभ आठवून १ दिला, पाच जणांनी व्याकरणाचा तास आठवून ५. सरासरी ३. तो ३ मात्र एकानेही दिलेला नाही! म्हणून मी सरासरीआधी गुण किती फाकले आहेत ते पाहतो. ‘मीर’ची तीच तऱ्हा: जगही आणि शांतताही. १९१८च्या लिपीसुधारणेआधी हे दोन शब्द निरनिराळ्या इकारांनी लिहीत. आता डोळ्याला फरक कळत नाही.

राहिला ‘दुशा’, म्हणजे आत्मा. याला डोळे झाकून ५ द्यावेत ना? पण पहिल्या पीटरने अठराव्या शतकात कर बसवला तो दर पुरुष-आत्म्यामागे. आपल्याकडे डोईपट्टी, तिथे आत्मापट्टी म्हणा. जमीनदाराकडे भूदास किती, तर इतके आत्मे. गोगोलच्या १८४२च्या ‘मृत आत्मे’ कादंबरीत चिचिकोव्ह तेच विकत घेत हिंडतो: माणूस मेलेला, पण पुढच्या शिरगणतीपर्यंत कागदावर जिवंत. सोबाकेविच नावाचा जमीनदार त्याच्याकडे नगाला शंभर रुबल मागतो. बरीच घासाघीस होते आणि सौदा अडीच रुबलवर ठरतो.